गाण्याचा पक्का रंग



लोकांच्या तोंडी असलेले एखादे गाणे टिकाऊ आहे की चार दिवसांचे, हे ठरवायचे कसे, असा आजचा प्रश्न आहे. विषय संगीताचा आणि बोलणारा कामगार संघटनेचा, याचे काहींना नवल वाटेल. मी गवई नाही. सातवीत शाळा सुटली, पुढचे शिक्षण नगरवाचनालयाच्या बाकावर झाले आणि गेली तीस वर्षे यंत्रमागाच्या गावात कामगारांची संघटना बांधण्याचे काम करीत आहे. परंतु आमच्या कामाचा गाण्याशी जवळचा संबंध आहे. सभेला माणसे जमेपर्यंत वेळ काढायचा तर गाणे लागते. संपाचा पंचविसावा दिवस उजाडतो, डबे रिकामे होत येतात आणि भाषण कोणाला ऐकवत नाही, तेव्हाही गाणेच लागते. अशा वेळी कोणते गाणे उभे राहते आणि कोणते बसकण मारते, हे पाहण्याची संधी आम्हांला पुष्कळ मिळते. त्या पाहण्यातून आणि थोड्याफार वाचनातून जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवतो.

हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा असता तर त्यासाठी आपली संध्याकाळ मी घेतली नसती. ज्याला जे रुचेल ते त्याने ऐकावे. परंतु 'हे गाणे टिकाऊ' असा निकाल एकदा लागला की त्याच्यामागून पुष्कळ गोष्टी येतात. पाठ्यपुस्तकात जागा मिळते, आकाशवाणीवर वेळ मिळतो, ग्रंथालयात कपाट मिळते, गाणाराला मानधन मिळते. ज्याला 'चार दिवसांचे' म्हटले, त्याच्या वाट्याला यांतले काही येत नाही. ते कोणी उतरवून घेत नाही, कोणी जपत नाही. वीस-पंचवीस वर्षांत ते खरोखरच नाहीसे होते. मग निकाल देणारा म्हणतो, पाहा, मी सांगितले नव्हते का? म्हणून माप कोणते लावायचे, हे नीट पाहिले पाहिजे.

तीन अपुरी मापे

व्यवहारात आपण तीन मापे वापरतो. पहिले माप खपाचे. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित करीत आणि तो कोलंबोहून साऱ्या हिंदुस्थानात ऐकू येई. पुढे रेकॉर्डांचा खप आणि श्रोत्यांची मागणी पाहून गाण्यांचे क्रमांक लागू लागले. त्या जुन्या याद्या आज काढून पाहिल्या, तर काही गाणी अजून घरोघर गुणगुणली जातात असे दिसते. काहींचे नुसते नाव उरले आहे, चाल कोणाला आठवत नाही. त्या आठवड्याच्या यादीत मात्र दोन्ही मांडीला मांडी लावून बसली होती. आज मोबाइलवर एखादे गाणे किती कोटी वेळा वाजले, हा आकडा आपल्याला लगेच कळतो. आकडा खोटा नसतो. पण किती कानांवर गाणे पडले एवढेच तो सांगतो. मिरवणुकीत एकाने बटण दाबले की सारी आळी ऐकते. त्यांतल्या किती जणांनी ते गाणे घरी नेले, हे त्या आकड्यात कोठेच लिहिलेले नसते.

दुसरे माप वरून येणाऱ्या निकालाचे. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात नभोवाणीचे खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होते. केसकर आपल्याच महाराष्ट्रातले, संगीताचे जाणकार, आणि त्यांचा हेतूही वाईट नव्हता. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आकाशवाणीवर १९५२ सालीच सुरू झाला आणि अनेक थोर कलावंत लहान गावांपर्यंत पोहोचले, ही त्या काळाची पुण्याई आहे. परंतु चित्रपटगीते हलकी, लोकांची अभिरुची बिघडवणारी, असे त्यांचे मत होते. त्यांनी ती कमी करायला लावली. चित्रपटवाल्यांशी वाद झाला आणि काही काळ आकाशवाणीवरून ती जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केले? रेडिओची सुई सिलोनवर नेली. अखेरीस ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. आता गंमत पाहा. ज्या वर्षांतली गाणी हलकी ठरली, ती वर्षे नौशाद, सचिनदेव बर्मन, सी. रामचंद्र, शंकर-जयकिशन यांची. साहिर आणि शैलेंद्र यांच्या शब्दांची. शैलेंद्र तर माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपातून आलेला माणूस. त्या काळालाच आज प्रतिष्ठित मंडळी चित्रपटसंगीताचे सुवर्णयुग म्हणतात आणि नव्या गाण्यांना नावे ठेवताना त्याचाच दाखला देतात.

हाच न्याय पेटीलाही लागला होता. १९४० पासून सुमारे तीस वर्षे हार्मोनियमला आकाशवाणीवर बंदी होती. आपल्या कीर्तनात, भजनी मंडळात, संगीत नाटकात आणि तमाशाच्या कनातीतही ती वाजत होती. पण सरकारी पायरी चढण्याची तिला मुभा नव्हती. याच्या उलट उदाहरणही आहे. राजा बढे यांनी लिहिलेल्या, श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेल्या आणि शाहीर साबळे यांनी गायलेल्या महाराष्ट्रगीताला राज्यगीताचा मान २०२३ साली मिळाला. लोकांनी तो मान कित्येक दशके आधीच देऊन टाकला होता. दरबाराचा निकाल कधी चुकतो, कधी बरोबर येतो. पण तो बहुधा उशिरा येतो.

तिसरे माप वयाचे. जुने ते सोने, असे आपण म्हणतो. वास्तविक जुन्यातले सोने तेवढे आपल्यापर्यंत आलेले असते, माती वाटेत गळालेली असते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल' नाटकाचा पहिला प्रयोग १८८० साली पुण्यास झाला. त्या नाटकात दोनशेच्या वर पदे होती. आज त्यांतली कानी पडतात ती किती? बोटांवर मोजण्यासारखी. म्हणजे जुन्या काळचे निवडलेले तांदूळ एका ताटात आणि नव्या काळचे न निवडलेले पोते दुसरीकडे, अशी आपली तुलना चालते. प्रत्येक पिढीला आपल्या मुलांची गाणी पोरकट वाटतात, त्याचे निम्मे कारण हे आहे.

सोपे गाणे सोपे नसते

मग खरे माप कोणते? त्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. रागदारीच्या गाण्यात कसब असते आणि लोकांच्या गाण्यात नुसता गोडवा, असे पुष्कळांना वाटते. दोन्हींत कसब असते. ते वेगवेगळ्या जागी असते. गवयाचे गाणे एका तयार गळ्यासाठी असते. लोकांचे गाणे अशा माणसांसाठी असते, ज्यांचा गळा दिवसभर कामावर ओरडून बसला आहे, ज्यांनी कधी तालीम केलेली नाही, आणि ज्यांच्यातल्या निम्म्यांनी ते आजच पहिल्यांदा ऐकले आहे.

शाहिराचा फड डोळ्यांपुढे आणा. पुढे शाहीर डफ घेऊन उभा, मागे तुणतुणे आणि झीलकरी. कडवे शाहीर एकटा म्हणतो. त्यात नवी हकीकत, अवघड शब्द, लांब ओळ चालते. ध्रुपद आले की झीलकरी उचलतात आणि तिसऱ्या वेळेला सारी सभा उचलते. यासाठी ध्रुपदाची चाल फार खाली किंवा फार वर जाऊन भागत नाही, नाहीतर बायका आणि पुरुष एकत्र म्हणू शकणार नाहीत. जेथे श्वास संपतो तेथेच अर्थ संपला पाहिजे. जोर ज्या अक्षरावर पडतो ते अक्षर ओळीतले मुख्य अक्षर असले पाहिजे. शिवाय कडव्याची शेवटची ओळ अशी वळली पाहिजे की तोंडात ध्रुपद आपोआप यावे. हे सारे साधले की ऐकणारा म्हणतो, काय सोपे गाणे आहे! सोपे वाटते, कारण करणाराने अवघड भाग स्वतःच्या खांद्यावर घेतलेला असतो. वहिफणीवर शेकडो धागे सरळ लागले की मागावर काम करणाराला ते सोपेच वाटते.

म्हणून लोकांच्या गाण्याची परीक्षा रागाच्या शुद्धतेवर करणे म्हणजे घोंगडी शालीच्या तराजूत तोलणे आहे. आमच्याकडे कापडाच्या रंगाची परीक्षा दुकानाच्या दिव्याखाली होत नाही. ती घरी बादलीत होते. रंग पक्का की कच्चा, हे धुतल्यावर कळते. गाण्यालाही अशा तीन धुलाया असतात.

पहिली धुलाई : गळा बदलला तर?

गाणे पहिल्यांदा येते ते मोठ्या थाटात. प्रसिद्ध गळा, भरगच्च वाद्ये, पडद्यावरचा चेहरा. हे वेष्टण काढले आणि एखाद्या बाईने ते भांडी घासताना म्हटले, तर काय उरते?

'मानापमान' १९११ चे, 'स्वयंवर' १९१६ चे. दोन्ही नाटकांतली पदे बालगंधर्वांच्या गळ्यासाठी बसवलेली. एकाला गोविंदराव टेंब्यांच्या चाली, दुसऱ्याला भास्करबुवा बखल्यांच्या. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत ती लांबत जात. ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. तेवढ्यात जे बसले, त्यावरून खेड्यापाड्यांतल्या हजारो माणसांनी ती पदे उचलली आणि आपापल्या गळ्यात बसवली. बालगंधर्व १९६७ साली गेले. पदे आजही मुली गातात आणि नाट्यसंगीताच्या स्पर्धा होतात. ती एका गळ्याची सेवा करण्यासाठी जन्मली खरी, पण त्या गळ्यावाचून पोरकी झाली नाहीत.

याहून जुने उदाहरण होनाजीच्या भूपाळीचे. होनाजी बाळा हे उत्तर पेशवाईतले तमासगीर. होनाजी जातीने गवळी. ज्या तमाशाचे नाव काढले की सभ्य घरांत कपाळाला आठी पडे, त्या तमाशातल्या माणसाची भूपाळी त्याच घरांत पहाटे म्हटली जाऊ लागली. १९५१ साली व्ही. शांताराम यांच्या 'अमर भूपाळी' चित्रपटात वसंत देसाई यांनी तिला चाल दिली आणि लता मंगेशकर व पंडितराव नगरकर यांनी ती गायली. गळा बदलला, चाल बदलली, शतकाहून अधिक काळ लोटला. रंग गेला नाही.

दुसरी धुलाई : प्रसंग सरला तर?

बहुतेक लोकप्रिय गाणी कोणत्यातरी कामासाठी, कोणाच्यातरी सांगण्यावरून केलेली असतात. त्यात कमीपणा काही नाही. 'गीतरामायण' घ्या. पुणे आकाशवाणीवर सीताकांत लाड यांनी कल्पना मांडली आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पहिले गीत प्रसारित झाले. पुढे वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत हवे, ग. दि. माडगूळकरांनी लिहायचे, सुधीर फडक्यांनी चाल लावायची. अशी छप्पन गीते झाली. म्हणजे हे मुदतीचे काम होते. आठवडा कोणासाठी थांबत नव्हता. तरीही ती गीते रेडिओच्या त्या वर्षाबरोबर संपली नाहीत. मूळ चाली कायम ठेवून अनेक भारतीय भाषांत त्यांची रूपांतरे झाली. ज्या लेखणीतून ही गीते उतरली, त्याच लेखणीने चित्रपटांसाठी फक्कड लावण्याही लिहिल्या, हेही लक्षात ठेवावे. फर्माइशीचे म्हणून गाणे हलके होत नाही आणि भक्तीचे म्हणून आपोआप थोरही होत नाही.

आता आमच्या घरचे उदाहरण देतो. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड गाजली. लढ्याचे गाणे, म्हणजे लढा संपला की त्याचे काम संपायला हवे होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. गाणे मात्र अजून म्हटले जाते. का? त्याची बांधणी पाहिली म्हणजे कळते. छक्कडीचा मोठा भाग पोटासाठी मुंबईला आलेल्या आणि बायको गावी ठेवून आलेल्या माणसाचा आहे. तिचे रूप, निरोपाची वेळ, मुंबईतली वणवण, हे सारे आधी येते. शेवटी शाहीर वळतो आणि म्हणतो की बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावापासून तुटलेल्या महाराष्ट्राचीही हीच गत आहे. राजकारणाचे दुःख त्याने ताटातुटीच्या दुःखावर उभे केले. ती ताटातूट गिरणगावातल्या चाळीत होती, ती आज भिवंडीच्या आणि इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या परप्रांतीय माणसालाही आहे. त्याला संयुक्त महाराष्ट्र समिती ठाऊक नसते. पण गाण्याचा अर्थ सांगितला की त्याचा हात थांबतो, हे मी पाहिले आहे. प्रसंगाच्या खाली माणसाचे कायमचे काहीतरी असले, तर प्रसंग वाहून गेला तरी गाणे उरते.

तिसरी धुलाई : माणसे बदलली तर?

ही सर्वांत कठीण. गाणे ज्यांनी केले त्यांच्या हातून सुटून अगदी परक्या माणसांच्या हाती गेले, तर ते त्यांच्या कामाला येते का?

१९४५-४६ च्या हिवाळ्यात अमेरिकेत चार्ल्सटन गावी तंबाखू कारखान्यातल्या कामगारांचा संप झाला. त्यांत काळ्या स्त्रिया पुष्कळ होत्या. उभ्या पहाऱ्यावर त्या चर्चमधले एक भजन म्हणत. मूळ भजनात 'मी' होता; संकटावर 'मी' मात करीन, अशी एका जिवाची प्रार्थना होती. पहाऱ्यावर तिचे 'आम्ही' झाले. तेथून ते टेनेसी राज्यातल्या कामगार-शिक्षणाच्या एका शाळेत गेले, झिल्फिया हॉर्टन यांनी ते इतरांना शिकवले, पीट सीगर यांनी फिरवले, आणि १९६० नंतर काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीने ते आपले म्हटले. पुढे गिरिजाकुमार माथुर यांनी त्याला हिंदी रूप दिले आणि आपल्या शाळांतली मुले रांगेत उभी राहून ते म्हणू लागली. ज्या मुलाला चार्ल्सटन कोठे आहे हे ठाऊक नाही, त्याचाही आवाज त्या गाण्यात बरोबर बसतो. मधल्या काळात त्या गाण्यावर मालकी हक्कही सांगितला गेला. २०१८ साली न्यायालयातल्या तडजोडीने ते सर्वांसाठी मोकळे झाले. लोक तर ते आधीपासूनच मोकळे समजून म्हणत होते.

येथे गाण्याचे शब्द बदलले, भाषा बदलली, लय बदलली. शुद्धतेचा अभिमानी याला बिघाड म्हणेल. मला तो रंग पक्का असल्याचा पुरावा वाटतो. वापरून जे झिजत नाही, उलट घाटदार होते, अशा वस्तू जगात थोड्याच असतात. पाट्याचा दगडसुद्धा झिजतो.

टिकणे आणि टिकवणे

इथवर ऐकून कोणी म्हणेल, मग चिंता कसली? पक्क्या रंगाचे गाणे आपोआप टिकेल. नेमके येथेच सावध राहिले पाहिजे. या तीन धुलाया व्हायच्या तर गाणे आधी पुढच्या हातापर्यंत पोहोचले पाहिजे. जे पोहोचलेच नाही, त्याची परीक्षा झाली नाही. ते नापास झाले, असे म्हणता येत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचे पाहा. किती पिढ्या बायकांनी पहाटेच्या अंधारात त्या रचल्या. माहेर, भाऊ, सीतेचा वनवास, सासरचा जाच, सारे त्यांत आले. मग गावोगाव पिठाची गिरणी आली. बायकांच्या पाठीचा बाक गेला, हे चांगलेच झाले. पण जाते थांबले तशी ओवीही थांबली. ओवीत काही उणे होते म्हणून ती थांबली नाही. तिची जागा गेली म्हणून थांबली. पुण्याच्या हेमा राइरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. म्हणून आज आपण त्यांच्या थोरवीबद्दल बोलू शकतो. कोणी गेलेच नसते, तर 'बायकांची गाणी, टिकली नाहीत' एवढेच म्हणून आपण मोकळे झालो असतो.

पोवाड्यांचेही तसेच. शिवकालापासूनचे पोवाडे गोंधळ्यांच्या तोंडी फिरत होते. शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी ॲक्वर्थ यांनी ते जमवून १८९१ साली पुस्तक छापले. वडाळ्याचे कुष्ठरोग्यांचे रुग्णालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, तेच हे ॲक्वर्थसाहेब. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा आज विद्यार्थ्याला वाचायला मिळतो, त्यामागे शाहिराची प्रतिभा आहे, गोंधळ्याची स्मरणशक्ती आहे, आणि शाई-कागदाचा खर्च सोसणारे हातही आहेत.

जेथे असे हात वरून आले नाहीत, तेथे लोकांनी ते स्वतः पुढे केले. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) वाचायला-लिहायला मोठेपणी शिकले आणि त्यांनी हजारो गीते रचली. रेकॉर्ड कंपन्यांच्या आणि आकाशवाणीच्या दारात भीमगीतांना फार मोठी जागा नव्हती. पण चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर विजयादशमीला जाऊन पाहा : गीतांच्या लहान पुस्तिका पथारीवर विकायला असतात. स्वस्त कॅसेट आली तेव्हा प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा आवाज त्यावरून गावोगाव गेला. ज्या समाजाला आपले गाणे कोणी राखणार नाही हे ठाऊक होते, त्याने आपल्या तुटपुंज्या कमाईतून ते राखले. मूल्यमापनाचा याहून प्रामाणिक प्रकार मला ठाऊक नाही. कारण येथे मत देणाराने खिशातली दमडी घालून मत दिले आहे.

आमच्या संघटनेच्या कचेरीत एका पत्र्याच्या पेटीत तीस-पस्तीस कॅसेटी आहेत. मोर्चे, द्वारसभा, संपातल्या रात्रींची गाणी. गाणारे कांडीवाले, जॉबर, हमाल. काही गाणी रचणारे आता हयात नाहीत. फितीला बुरशी धरू लागली, म्हणून आम्ही एका संस्थेला पत्र लिहिले की या नव्या तंत्राने उतरवून ठेवाव्यात. उत्तर सभ्य भाषेत आले : अशा प्रासंगिक रचनांना कायम स्वरूपाचे मूल्य आहे असे दिसत नाही. पत्र लिहिणाराने एकही कॅसेट ऐकली नव्हती. रागावण्यासारखे त्यात काही नाही. पण विचार उलटा आहे. मूल्य आहे की नाही हे कळण्यासाठी गाणे आधी ऐकू आले पाहिजे, आणि ऐकू येण्यासाठी ते राखले पाहिजे. बी पेरण्याआधी झाडाला फळ का नाही, असे विचारल्यासारखे हे झाले.

आपल्यालाही तेच माप

याचा अर्थ त्या पेटीतले प्रत्येक गाणे थोर आहे, असा माझा दावा नाही. चळवळीची म्हणून गाण्यांना सवलत देण्याच्या मी विरुद्ध आहे. आमची पुष्कळशी गाणी म्हणजे घोषणेला लावलेली चाल असते. चालू चित्रपटगीताची चाल घ्यायची, त्यात मालकाचे नाव घालायचे. पुढच्या संपात दुसऱ्या मालकाचे. पहिल्याच धुलाईत पाणी लाल होते. अशी गाणी त्या दिवशी उपयोगी पडतात, त्यांचा आदर करावा आणि त्यांना जाऊ द्यावे. परंतु त्याच पेटीत एक गाणे आहे. रात्रपाळीहून परतणाऱ्या बापाला मुले फक्त झोपलेली दिसतात, एवढीच त्यातली गोष्ट आहे. ज्या मागणीसाठी ते केले ती मागणी कधीच निकालात निघाली. ते गाणे मात्र पुढे बांधकाम मजुरांनी घेतले, ऊसतोडणीवाल्यांनी त्यात कोयता घातला, आणि आता सुरक्षारक्षकाची नोकरी करणारी मुले ते म्हणतात. कोणी त्यांना शिकवायला गेले नव्हते. तीनही धुलाया झाल्या, रंग उतरला नाही. पण ते कोणत्याही यादीत नाही.

म्हणून माझे सांगणे दोन शब्दांत असे : आधी राखा, मग पारखा. पारखण्याची घाई नको. ते काम काळ करतो आणि लोक करतात. राखण्याची मात्र घाई आहे, कारण म्हातारी माणसे जात आहेत आणि फिती सडत आहेत. यासाठी मोठी संस्था लागते असे नाही. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. घरातल्या आजीची ओवी, आळीतल्या भजनी मंडळाची चाल, बँडवाल्याच्या वडिलांचे गाणे, संपातले ध्रुपद, जे सापडेल ते उतरवून घ्या. गाणाराचे नाव, गावाचे नाव, तारीख आणि गाणे कोणाकडून शिकले एवढे चार शब्द त्याबरोबर लिहा, आणि त्याची एक प्रत नगरवाचनालयात द्या. वाचनालयानेही 'हे साहित्य आहे का' असे न विचारता ती घ्यावी.

पन्नास वर्षांनी या व्याख्यानमालेत कोणीतरी याच विषयावर बोलायला उभा राहील. आपण ज्याला हलके म्हटले त्यांतले काही त्याला थोर वाटेल; ज्याला थोर म्हटले त्यांतले काही त्याला आठवणारही नाही. त्याचा निकाल काय लागावा, हे आपण ठरवू शकत नाही. त्याच्यापुढे पुरावा कोणाकोणाचा असावा, एवढे मात्र आज आपल्या हातात आहे. तो पुरावा एकाच बाजूचा राहू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.